बास गिटारवरून डबल बासवर: सांगली-मिरजेत राहून जॅझ शिकताना

ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये किंवा गणपतीतल्या कार्यक्रमांत आठ-दहा वर्षं बास गिटार वाजवलेल्या माणसासमोर डबल बास, म्हणजे व्हायोलिनसारखा दिसणारा पण माणसाएवढा उभा बास, आला की आधी दिलासाच मिळतो. तारा त्याच चार, सूरही तेच: ई, ए, डी, जी. नोटेशन वाचता येत असेल तर तेही जसंच्या तसं चालतं, कारण दोन्ही वाद्यं लिहिलेल्या सुरापेक्षा एक सप्तक खाली वाजतात. पण वाद्य हातात घेतल्यावर पहिली दहा मिनिटं उलटायच्या आत डावा अंगठा दुखायला लागतो, आणि सूर कधी वर तर कधी खाली पडतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तुमचा कान, लय, कॉर्डची समज, गाण्याचा आराखडा लक्षात ठेवायची सवय, हे सगळं सोबत न्या. हात मात्र नवशिक्याचे आहेत असं समजूनच शिका. मोठी, उभी केलेली बास गिटार समजून जे वाजवायला जातात, ते मनगट तरी दुखवून घेतात किंवा वैतागून वाद्य विकून टाकतात.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये फ्रेट, म्हणजे सुरांच्या जागा दाखवणाऱ्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या, असलेली इलेक्ट्रिक बास (आपली बास गिटार) बाजारात आणली. डबल बास वाहून नेताना मेटाकुटीला आलेल्यांची तिने सोय केली. आपण त्या सोयीकडून उलटे निघालोय, तेव्हा थोडी गैरसोय गृहीत धरलेली बरी.

वाद्य कोणतं घ्यावं

जॅझमध्ये सर्वसाधारणपणे तीन-चतुर्थांश मापाचाच बास वापरतात. नाव ऐकून तो मुलांसाठीचा वाटेल, पण मोठ्या माणसांसाठीही तेच नेहमीचं माप आहे. नटपासून (मानेच्या टोकाची पट्टी) ब्रिजपर्यंत (पोटावरची तारांची घोडी) तारेची लांबी साधारण ४१ ते ४२ इंच भरते. आपल्या बास गिटारची ३४. उभा केला की वाद्य जवळजवळ सहा फूट.

लाकडात तीन प्रकार मिळतात: पूर्ण प्लायवूडचा, पुढची पाटी अखंड लाकडाची आणि बाकी प्लायवूड असलेला, आणि संपूर्ण अखंड लाकडाचा. सांगलीत राहणाऱ्याने पहिला बास प्लायवूडचा घ्यावा, असं मी ठामपणे सांगेन. एप्रिल-मे मध्ये इथे हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैपासून दमट. अखंड लाकूड या फरकाने फुगतं, आकसतं आणि शेवटी तडकतं. प्लायवूड ते बऱ्यापैकी सोसतं. आवाजात थोडी खोली कमी असते, पण पिझिकाटो जॅझसाठी, म्हणजे गजाऐवजी बोटाने छेडून वाजवायला, प्लायवूडचे बास कित्येक दशकं वापरात आहेत आणि छान वाजतात.

वाद्य मुंबई-पुण्याकडूनच आणावं लागेल, असं धरून चला. शक्यतो आधी काही महिने भाड्याने किंवा ओळखीतून वापरायला मिळवा. शेजाऱ्यांची अडचण असेल तर स्टँडवरचा इलेक्ट्रिक अपराइट हा मधला मार्ग आहे. त्यावर डाव्या हाताचा नकाशा शिकता येतो. मात्र मोठ्या लाकडी पोटातून आवाज ओढून काढणारा उजवा हात त्यावर तयार होत नाही.

सेटअपवर पैसे घाला

नवा बास खोक्यातून जसा येतो तसा बहुधा वाजवण्याजोगा नसतो. तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीपासून, फार उंच असतात. जॅझसाठी फिंगरबोर्डच्या टोकाशी ‘जी’ तार साधारण ५ ते ६ मिलिमीटर आणि ‘ई’ तार ८ ते ९ मिलिमीटर उंच ठेवून सुरुवात करा. ब्रिजच्या पायांत फिरकीचे अ‍ॅडजस्टर बसवून घेतले तर ऋतूप्रमाणे उंची घरच्या घरी बदलता येते. आपल्या हवेत हा खर्च चैनीचा नाही. तारांमध्ये थोमास्टिक कंपनीच्या स्पिरोकोर या स्टीलच्या तारा जॅझवाल्यांत सर्रास दिसतात. त्यांचा सूर लांब टिकतो, म्हणून बास गिटारवरून येणाऱ्याला त्या चटकन जवळच्या वाटतात. ताण जास्त वाटला तर त्यातलाच मऊ प्रकार, ‘वाइख’, घ्या.

वाद्याच्या पोटात ब्रिजच्या एका पायाजवळ एक छोटी लाकडी कांडी उभी असते, साउंडपोस्ट. ती चिकटवलेली नसते; तारांच्या दाबावरच तोललेली असते. म्हणून तारा बदलताना चारही एकदम सोडू नका. एक काढा, नवी चढवा, मग दुसरी. कांडी पडली तर ती पुन्हा उभी करायला व्हायोलिन-चेलोच्या दुरुस्तीतला माणूसच लागतो.

इथे मिरजेचा प्रश्न येतोच. सतारमेकर गल्ली हाकेवर असताना पुण्याला कशाला जायचं? मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही. पण सतारीची घोडी आणि बासचा ब्रिज यांचं काम वेगळं. सतारीत जवारीसाठी घोडीचा पृष्ठभाग घासून तार त्यावर झणझणावी अशी सोय करतात. बासमध्ये तीच झणझण दोष ठरते, आणि ब्रिजला पुढच्या पाटीवर तारांचा मोठा दाब पेलावा लागतो. उघडलेला सांधा सरसाने जोडणं, नटची खाच घासणं अशी कामं चांगल्या कारागिराला समजावून सांगून करून घेता येतील. ब्रिज कोरणं आणि साउंडपोस्ट मात्र त्यातल्या जाणकाराकडेच द्या.

वाद्य ठेवण्याचं म्हणाल तर खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. एक साधा आर्द्रतामापक भिंतीवर टांगा. पत्र्याच्या छताखाली, खिडकीच्या उन्हात, कूलरच्या थेट झोतात वाद्य नको. कोपऱ्यात तोंड आत करून उभा करा किंवा कुशीवर आडवा ठेवा. आणि नदीकाठच्या गावभागात राहत असाल तर पावसाळ्यात बास वरच्या मजल्यावर. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्याला याचं कारण सांगायला नको.

उभं राहणं

खालची एंडपिन, म्हणजे वाद्य टेकवायची दांडी, एवढी बाहेर काढा की नट साधारण कपाळाच्या रेषेत येईल. मग हे तपासा: उजवा हात सैल सोडल्यावर बोटं फिंगरबोर्डच्या टोकाजवळ सहज पोचतात का? खांदा उचलावा लागत असेल किंवा कमरेत वाकावं लागत असेल तर उंची बदला. वाद्याची मागची कड पोटाच्या आणि डाव्या मांडीच्या आधाराने टेकवा, वाद्य किंचित आपल्याकडे वळवा. आता डावा हात काढून घ्या. बास तसाच उभा राहिला पाहिजे. डाव्या हाताला वाद्य धरून ठेवायचं काम पडलं की तो वाजवायला मोकळा राहत नाही, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर एंडपिन सरकते. टोकाला रबरी बूच किंवा खाली जाड चटई हवीच.

डावा हात

बास गिटारवर आपण एका फ्रेटला एक बोट ठेवतो. ई तारेवरच्या एफपासून जी शार्पपर्यंत चार फ्रेटचा तो पसारा ३४ इंचाच्या वाद्यावर साधारण १३ सेंटीमीटर भरतो. तेच ४१.५ इंचाच्या तारेवर केलं तर जवळजवळ १६ सेंटीमीटर. हात ताणून ते एकदा जमेलही, पण तासभर जमणार नाही. म्हणून डबल बासवर खालच्या भागात पहिलं (तर्जनी), दुसरं (मधलं) आणि चौथं (करंगळी) बोट वापरतात. तिसरं बोट चौथ्याला चिकटून त्याला जोर देतं. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा सूर, दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत अर्धा सूर; म्हणजे एका जागी हात ठेवून एका तारेवर पूर्ण सुराएवढंच अंतर, सुमारे ११ सेंटीमीटर. ही पद्धत फ्रांत्स सिमांडल या एकोणिसाव्या शतकातल्या बासवादकाच्या नावाने ओळखली जाते आणि आजही बहुतेक शिक्षक तिथूनच सुरुवात करतात.

याचा परिणाम असा की हात सारखा सरकवावा लागतो. सरकताना बोटांचा आकार मोडायचा नाही. पाण्याचा तांब्या धरल्यासारखी पंजाची गोलाई तशीच ठेवून अख्खा हात कोपरातून न्यायचा. अंगठा दुसऱ्या बोटाच्या मागे, सैल. तार दाबायला अंगठ्याची चिमट लागत नाही, दंडाचं वजन मागे ओढलं की पुरतं. खात्री करायची असेल तर अंगठा मानेवरून पूर्ण उचला आणि एक संथ स्केल वाजवा. आवाज स्वच्छ आला तर दाब योग्य ठिकाणाहून येतोय.

जागा ओळखायला फ्रेट नसले तरी खुणा आहेत. मान जिथे पोटाला मिळते तिथे अंगठा अडतो. बऱ्याच बासांवर त्या क्षणी पहिलं बोट जी तारेवरच्या डीवर असतं, काहींवर ई फ्लॅटवर. आपल्या वाद्याचं काय आहे ते पहिल्याच दिवशी तपासा. तारेच्या बरोबर मध्यावर सप्तकाचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) मिळतो. या दोन ठिकाणांवरून बाकीचा नकाशा बांधता येतो. फिंगरबोर्डच्या बाजूला पेन्सिलीने बारीक ठिपके केले तरी लाज वाटायचं कारण नाही, पण डोळे त्यांच्यावर खिळले तर पुसून टाका.

तंबोऱ्यासोबत सूर

या बाबतीत आपल्या भागातल्या माणसाकडे काहीतरी जास्तीचं आहे. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले आणि जिथे त्यांची कबर आहे, त्या गावाच्या आसपास वाढलेल्याला तंबोऱ्यासमोर बसून सूर लावणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. ते इथे वापरा. ट्यूनरचा दिवा डोळ्याला सांगतो. आपल्याला कानाला शिकवायचंय.

मोबाइलवर तंबोरा लावा, षड्ज डी. पहिले काही आठवडे एवढंच: डी तारेवर आणि जी तारेवर सावकाश एकेक सूर, तंबोऱ्याशी जुळेपर्यंत. सप्तक, पंचम, मध्यम आणि रिषभ आधी. सूर चुकला तर बोट घसरवून दुरुस्त करू नका, ती मींडेची सवय पुढे नडते. हात उचला, पुन्हा ठेवा.

पण एक सावधगिरी. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार पियानोच्या मेजर थर्डपेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, आणि त्याच हिशोबाने जुळवलेला कोमल गंधार पियानोच्या मायनर थर्डपेक्षा सुमारे १६ सेंट वर. एका अर्ध्या सुरात १०० सेंट, म्हणजे हा फरक जाणवण्याइतका आहे. पंचम दोन्हीकडे जवळपास सारखाच, २ सेंटांचा फरक. जॅझ गटात कीबोर्ड असेल तर तुमचा गंधार तंबोऱ्याला गोड आणि कीबोर्डला खटकणारा लागेल. म्हणून पाया तंबोऱ्यावर बांधा, पण थर्ड (गंधार) आणि सिक्स्थ (धैवत) कीबोर्डसोबतही तपासून घ्या. दोन्हींतला फरक ऐकू यायला लागला की तुमचा कान फ्रेटच्या पुढे गेला.

गज विकत घ्या, कार्यक्रमात कधीच वापरणार नसलात तरी. छेडलेला सूर क्षणात विरतो आणि चूक झाकली जाते; गजाने ओढलेला लांब सूर काहीच झाकू देत नाही. रोज दहा मिनिटं पुरे. बासचा राळ मऊ असतो, उन्हाळ्यात वितळून डबीला चिकटतो, तेव्हा तो गार जागी ठेवा. डबल बासचा शिक्षक जवळ नसेल तर गजासाठी आणि सुरासाठी चांगल्या व्हायोलिनवादकाकडे महिन्यातून एकदा बसण्यात कमीपणा मानू नका. उभं राहणं आणि उजवा हात मात्र बासवाल्यालाच दाखवायला हवा, निदान व्हिडिओवर. मोबाइल बाजूने लावा. समोरून घेतलेल्या चित्रात मनगट दिसत नाही.

उजवा हात

बास गिटारवर बोटाचं टोक तारेला काटकोनात लागतं. इथे तर्जनी जवळजवळ तारेला समांतर, खाली झुकलेली. तिच्या बाजूच्या मांसल भागाने तार पकडायची आणि दंडाच्या वजनाने ओढून शेजारच्या तारेवर विसावायचं. अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला, त्याच्या टोकाजवळ टेकलेला. तारेला जितकं जास्त मांस लागेल तितका आवाज भरदार. मोठा आवाज हवा तर मधलं बोट तर्जनीला जोडून दोन्हींनी ओढा. आलटून पालटून दोन बोटं जलद लयीसाठी राखून ठेवा.

फोड येणार. ते फुटायच्या आधी थांबायचं, एवढाच नियम. दोन बैठका पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या, एका लांब बैठकीपेक्षा बऱ्या. मनगटात किंवा कोपरात कळ आली तर त्या दिवसापुरतं वाद्य ठेवा आणि उभं राहणं पुन्हा तपासा.

आणि सूर लवकर तोडू नका. गिटारवर आपण आवाज आवरायला सतत तार दाबून बंद करतो. डबल बासचा सूर आपोआप विरतो. पुढचा सूर येईपर्यंत बोट धरून ठेवलं तरच चार ठोके एकमेकांना जोडले जातात. स्विंगची, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीची, चाल त्या जोडणीतून येते.

वॉकिंग बास

ऑर्केस्ट्रातल्या बासवाल्याला मूळ सूर आणि पंचम यांवर गाणं तोलायची सवय असते. जॅझमध्ये गाण्याचा आराखडा ठरलेला, पण त्यावरची ओळ, म्हणजे प्रत्येक ठोक्याला एक सूर टाकत चालणारा वॉकिंग बास, प्रत्येक आवर्तनात नव्याने रचायची. घाबरायचं कारण नाही, रचनेचा सांगाडा साधा आहे. पहिल्या ठोक्यावर कॉर्डचा मूळ सूर. मधल्या दोन ठोक्यांवर कॉर्डमधलेच सूर. चौथ्या ठोक्यावर पुढच्या मूळ सुराच्या अर्धा सूर वरून किंवा खालून येणारा सूर.

एफमधला बारा बारचा ब्लूज घ्या; एक बार म्हणजे चार ठोके. पहिला बार एफ सेव्हन, दुसरा बी फ्लॅट सेव्हन. वाजवा: एफ, ए, सी, बी, मग बी फ्लॅट, डी, एफ, जी फ्लॅट, आणि पुन्हा एफ. बोटं अशी: ई तारेवर पहिल्याने एफ, ए तार मोकळी, ए तारेवर चौथ्याने सी, दुसऱ्याने बी, पहिल्याने बी फ्लॅट. डी तार मोकळी, डी तारेवर चौथ्याने एफ. जी फ्लॅट खालच्या ई तारेवर दुसऱ्याने घ्या, की शेजारीच पहिल्याखाली एफ तयार. हात नटजवळच्या त्याच जागेवर, एकदाही न सरकवता दोन बार झाले. मोकळ्या तारा टाळायची गिटारवरची खोड असेल तर ती सोडा. इथे मोकळी तार म्हणजे सूर तपासायची आणि हात हलवायची संधी.

पुढचं पाऊल टू-फाइव्ह-वन, म्हणजे पट्टीतल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्डची साखळी. सी मेजरमध्ये: डी, एफ, ए, ए फ्लॅट, जी, बी, डी, डी फ्लॅट, सी. हा तुकडा बाराही पट्ट्यांत बसवा, कारण जॅझच्या बहुतेक जुन्या चालींत तो कुठे ना कुठे सापडतोच. घाई असेल तर एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट आणि सी आधी. सॅक्सोफोन-ट्रंपेटवाल्यांच्या सोयीच्या पट्ट्या त्याच.

लयीसाठी मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचा प्रत्येक टोला दुसरा आणि चौथा ठोका समजा. वेग झाला १२०. सम सांगणारा टोला नसणं आपल्या सवयीच्या अगदी विरुद्ध आहे. केरव्यात वाढलेला पाय सुरुवातीला हमखास उलटतो. नुसतं टाळी वाजवून, तोंडाने ओळ म्हणून आधी बसवा. चार ठोक्यांची चाल धरण्याआधी बारमध्ये दोनच लांब सूर वाजवायची ‘टू फील’ची चाल पक्की करा, कित्येक चालींत सुरुवातीचं आवर्तन तसंच वाजवतात.

ऐकणं

क्रम माझा असा. आधी बासवादक पॉल चेंबर्स, १९५५ पासून ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या गटात. ओळ कशी पुढे जाते ते इथे स्वच्छ ऐकू येतं. मग ऑस्कर पीटरसनच्या ट्रिओतला रे ब्राऊन, ठोक्याच्या ठामपणासाठी. त्यानंतर मागे जाऊन ड्यूक एलिंग्टनकडचा जिमी ब्लँटन. तो १९४२ मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला, पण बास सोलो वाजवू शकतो हे तोवर दाखवून गेला होता. स्कॉट लाफारो नंतर. पियानोवादक बिल एव्हान्सशी तो सतत संवाद करतो, आणि नवशिका त्याची नक्कल करायला गेला तर गटाची लय सुटते.

घरचंही ऐका. पन्नासच्या दशकातल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत स्विंग भरपूर आहे. चिक चॉकलेटसारखे मुंबईच्या जॅझ गटांतले गोव्याचे वादक त्यांच्याकडे वाजवत. इलेक्ट्रिक बास रुळण्याआधीच्या त्या ध्वनिमुद्रणांत खालचा सूर डबल बासचा. हेडफोन लावून तेवढाच ऐका. रोज एका कोरसची, म्हणजे एका पूर्ण आवर्तनाची, बासची ओळ तोंडाने म्हणता आली की मगच वाद्यावर शोधा.

लोकांत वाजवताना

जॅझ गट शोधत बसण्यापेक्षा ऑर्केस्ट्रातल्याच दोन मित्रांना धरा. कीबोर्डवाल्याला एकच अट: डाव्या हाताने बास वाजवायचा नाही. ड्रमरला काठ्या बाजूला ठेवून ब्रश घ्यायला सांगा, हाय-हॅट पायाने दुसऱ्या-चौथ्यावर. सुरुवातीला साथीशिवाय सराव करायचा असेल तर आयरियल प्रोसारखं अ‍ॅप कॉर्ड वाजवून देतं. त्यातला बास बंद करा.

मंडपात वाजवायची वेळ आली तर पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारं उपकरण) थेट मिक्सरमध्ये लावू नका. ब्रिजवरच्या पिएझो पिकअपला निदान १ मेगाओहम इनपुटचा प्रीअ‍ॅम्प लागतो, नाहीतर आवाज नाकातला आणि बारीक येतो. प्रीअ‍ॅम्पवर हाय-पास फिल्टर (फार खालचा आवाज कापणारा) आणि फेज बदलायचं बटण असलं पाहिजे. साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की बेस वाढवू नको, नाहीतर वाद्याचं पोटच घोंगावायला लागेल. अ‍ॅम्प पाठीमागे न ठेवता बाजूला, तिरका.

नेणं-आणणं ओम्नी किंवा ईकोत जमतं, लहान गाडीत पुढची सीट आडवी करून मान डॅशबोर्डकडे. ब्रिजवर वजन येऊ देऊ नका. पुण्याला महालक्ष्मी एक्सप्रेसने न्यायचा विचार असेल तर लगेज व्हॅनमध्ये द्यायचा विचार सोडा, गाडी ठरवा.

पहिल्या कार्यक्रमात डबल बासवर तीन चाली घ्या: एक ब्लूज, एक मध्यम लयीतली, एक संथ. बाकी कार्यक्रम बास गिटारवर. क्रम मात्र उलटा करू नका. गिटारवर तासभर वाजवून डबल बासकडे आलात तर हात छोटी अंतरं धरून येतो आणि पहिल्या चालीचे सूर वर-खाली पडतात. डबल बास आधी, हात ताजे असताना.